आजीसाठी इतकं रडायचं असतं का? जळगावातली एक केस

"आजी जाऊन आठ महिने झाले, अजून रडू येतं, माझं काही बिघडलंय का?" हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून कितीतरी जण विचारतात, आणि विचारताना आधी माफी मागितल्यासारखं बोलतात, म्हणजे "तसं वय झालं होतं हो तिचं, ऐंशीच्या पुढे होती, पण..." आई किंवा नवरा गेलेला माणूस असं कधी बोलत नाही. आजीचं दुःख मात्र आपल्याकडे दारावर आलेल्या बायकाच मोजून देतात, नातवंडं पाहिली, पणतू पाहिला, सोनं झालं म्हातारीचं, आता रडू नका. झालं. गंधमुक्तीचा कार्यक्रम उरकला की विषय बंद.

अशीच एक मुलगी आली होती, तिला आपण स्वाती म्हणू. नाव बदललंय, बाकीही ओळख पटेल असं काढून टाकलंय, आणि तिची व तिच्या आईची दोघींची परवानगी घेऊनच लिहितेय. गाव अमळनेर तालुक्यातलं, स्वतः जळगावात रूम करून एमएस्सी करत होती. आजीला घरात सगळे जिजी म्हणायचे. आईवडील दिवसभर कापसाच्या वावरात, त्यामुळे पोरीची वेणी घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं जिजीकडे, बारावीपर्यंत ही जिजीच्याच गोधडीत झोपायची. जिजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, काही महिने खाटेवर काढले आणि हिवाळ्यात गेली, नेमके स्वातीचे पेपर चालू असताना. घरच्यांनी तब्येत बिघडल्याचं सांगितलंच नाही, 'पेपर होऊ द्या' म्हणून. शेवटचा पेपर देऊन बाहेर आली तेव्हा काका गेटवर गाडी घेऊन उभे. काकांना तिथं बघूनच समजलं म्हणे.

आता आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. चांगल्या मनाने लपवतात हे खरं, पण मागे राहणाऱ्याला शेवटची भेट मिळत नाही आणि वर "तुझ्या भल्यासाठीच" हेही ऐकून घ्यावं लागतं, म्हणजे चिडायचीसुद्धा सोय नाही. स्वातीचे वडील मला फोनवर सरळ म्हणाले, "मॅडम, परत वेळ आली तरी मी तेच करीन." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण स्वातीला सांगितलं की तुला राग आलाय तर तो राग आहे, त्याला उगाच गिल्टचं नाव देऊ नको.

ती आली तेव्हा तिची अवस्था अशी होती, की ती रडण्याने थकली नव्हती, आठवण टाळण्याने थकली होती. गावी जायची नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जिजीच्या नावाची घागर पहिल्यांदा भरली, तेव्हाही गेली नाही, आणि आखाजी म्हणजे आपल्याकडे माहेरी येण्याचा सण, त्यामुळे नातेवाइकांत बोभाटा झाला की एवढी लाडाची नात आणि आलीसुद्धा नाही. मेसमध्ये कळण्याची भाकरी असली की ताट तसंच ठेवून उठायची. फोनमध्ये जिजीच्या व्हॉइस नोट होत्या, शेजारचा पोरगा बटण दाबून धरायचा आणि जिजी बोलायची, त्या चॅटवर चुकून बोट पडू नये म्हणून तिने ते अर्काइव्ह करून टाकलेलं. आणि एवढं सगळं करून वर भीती ही की जिजीचा आवाज आपण विसरत चाललोय!

तिने गुगल करून आणलेलं होतं की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि ती अजून तिसरीवरच अडकलीय. हे मी इतक्यांदा ऐकते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठीचं ते टाइमटेबल नव्हतंच. तिला जास्त उपयोगी पडलं ते दुसरं, की केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलंय ज्याला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मान्यच करत नाहीत. हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, म्हणजे मी नाटक करत नाहीये.

व्हॉइस नोटचं आम्ही हळूहळू घेतलं. घरी एकटीने ऐकायच्या नाहीत, माझ्यासमोर, आणि एकच. तिने सगळ्यात लहान निवडली. "जेवनी का व पोरी?" एवढंच, आणि मागे टीव्हीवर सिरियल इतक्या मोठ्याने चालू की जिजीचा आवाज अर्धा त्यातच बुडालेला. ऐकून ती आधी हसली. जिजीला ऐकू कमी यायचं, टीव्हीच्या आवाजावरून आईशी रोज भांडण व्हायचं. मग रडली, भरपूर रडली, आणि त्या दिवशी मेसमध्ये नीट जेवली असं तिने नंतर मेसेज करून कळवलं.

पण गावी जायचं म्हटलं की गाडी आईवर अडायची. "आईला काहीच वाटत नाही मॅडम. मी फोनवर जिजीचं नाव काढलं की म्हणते पुरे आता. तिने जिजीची खाटसुद्धा महिन्याभरात देऊन टाकली." मला यात काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, म्हणून आईला बोलावलं. जळगावला बाजाराचं निमित्त काढून आल्या. आधी एकट्या बसल्या, मग म्हणाल्या पोरीसमोर बोलते.

स्वाती नेहमी एक आठवण सांगायची. चैत्रात घराच्या धाब्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे, पहाटे जिजी मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा घोटायची, लसूण-मिरचीचा वास सगळीकडे, आणि पोरांना ताटलीत गरम घाटा आणि वर कच्च्या तेलाची धार. ओल्या धोतरावर बिबडे थापता थापता जिजी गाणी म्हणायची. हेच तिने आईसमोर पुन्हा सांगितलं. आई शांतपणे म्हणाल्या, "घाटा मी घोटायची बाई. तीन वाजता उठून चूल पेटवायची मी, हाताला फोड यायचे. तुझी जिजी वर बसून माझे बिबडे जाड झाले म्हणून दोन गल्ल्या ऐकू जाईल असं बोलायची. चोवीस वर्षं झाली, एकदा चांगलं म्हटलं नाही."

स्वाती बघतच राहिली. मग आई म्हणाल्या की शेवटच्या महिन्यांत कूस बदलण्यापासून डायपरपर्यंत सगळं मीच केलं, गेली तेव्हा मनात आलं सुटली, ती पण अन मी पण, आणि असं मनात आलं म्हणून मला रात्री झोप लागत नव्हती, ती खाट समोर दिसायची म्हणून देऊन टाकली. हे त्यांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोणाला, दारावर येणाऱ्या बायका तर "सुनेनं लई केलं" म्हणून कौतुक करत होत्या.

मला या केसमधून सांगायचं आहे ते एवढंच, की एका घरातून एक म्हातारी जाते तेव्हा प्रत्येकाचं वेगळं माणूस गेलेलं असतं. नातीची जिजी गेली, सुनेची सासू गेली, मुलाची आई गेली. नातीसारखं सुनेने रडावं ही अपेक्षा चुकीची, आणि सून रडत नाही म्हणून नातीने आटपतं घ्यावं हेही चुकीचं. आणि जिजी टाकून बोलायची हे कळल्याने नातीची माया कमी होत नाही, उलट स्वाती मला पुढे म्हणाली की आता जिजी खरी वाटते, फोटोला हार घातलेली वाटत नाही.

आता मूळ प्रश्न, किती दिवस चालतं हे. तारीख नसते. तरी डॉक्टर मंडळींनी एक रेघ आखलीय, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जी २०२२ पासून लागू आहे, लांबलेल्या शोकाचं निदान किमान सहा महिने उलटल्याशिवाय करत नाहीत आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या मॅन्युअलमध्ये मोठ्या माणसासाठी हीच मुदत एक वर्षाची आहे. पण नुसते महिने मोजून निदान होत नाही. जवळजवळ रोज तीव्र ओढ, सोबत कामधंदा, अभ्यास, नाती सगळं ठप्प, आणि आपल्या समाजात जितकं धरून चालतात त्याच्याही पलीकडे, असं सगळं मिळून बघतात. वर्षभराने आमरस खाताना डोळे भरले तर तो आजार नाही. जेवण-झोप गेली असेल, तिच्याकडेच जावंसं वाटत असेल, म्हणजे जगणं नको असे विचार येत असतील, तर मात्र महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

स्वाती दिवाळीला गावी गेली. वडिलांशी अजून त्या पेपरवरून खटके उडतात, तो विषय मिटलेला नाही आणि लवकर मिटेल असं मला दिसत नाही. उन्हाळ्यात तिने आईला हौसेने म्हटलं, चल या वर्षी बिबडे घालू, जिजीच्या आठवणीसाठी. आई म्हणाल्या, मी आता जन्मात बिबडे घालणार नाही, बचत गटाच्या बायका विकतात त्यांच्याकडून दोन किलो आण. तिला आधी वाईट वाटलं, मग फोनवर मला सांगताना तीच हसत सुटली, आणि तिने दोन किलो आणले.