अमेरिकेत माजी सैनिकांच्या वेगवेगळ्या पिढ्यांचा पगार आणि सवलती कशा बदलत गेल्या?

पगार वाढत गेला हे खरं, पण सवलतींचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात साध्या सैनिकाचा मूळ पगार १९४२ पासून महिना ५० डॉलर होता. खरा आधार नंतर मिळाला. १९४४ च्या जीआय बिलाने, म्हणजे माजी सैनिकांना सवलती देणाऱ्या कायद्याने, कॉलेजची वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी भरली, शिवाय निर्वाहभत्ता आणि सरकारी हमीचं गृहकर्ज दिलं. कागदावर हे सगळ्यांसाठी होतं. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र बँका आणि कॉलेजांनी सर्रास डावललं.

सगळ्यात जास्त अन्याय व्हिएतनामच्या पिढीवर झाला, असं माझं ठाम मत आहे. १९६६ च्या कायद्याने पूर्णवेळ शिकणाऱ्या अविवाहित माजी सैनिकाला महिना १०० डॉलर दिले आणि फीसुद्धा त्यातूनच भरायची! सक्तीची भरती होती, त्यामुळे पगार वाढवायची सरकारला निकडच नव्हती. ही भरती १९७३ मध्ये बंद झाली. त्याच्या तयारीत १९७१ च्या अखेरीस नव्या सैनिकाचा मूळ पगार जवळपास दुप्पट केला गेला.

९/११ नंतरच्या पिढीला २००९ पासून, पुरेशी सेवा झाली असल्यास, सरकारी विद्यापीठाची, त्या राज्यातल्या रहिवाशांना लागू दराने, पूर्ण फी आणि घरभत्ता मिळतो. पेन्शन मात्र आखडली: २० वर्षांच्या सेवेला पूर्वी मूळ पगाराच्या ५० टक्के, २०१८ पासून भरती झालेल्यांना ४० टक्के. बदल्यात निवृत्तीखात्यात सरकारही पैसे घालतं. २० वर्षांआधी बाहेर पडणाऱ्यांना एरवी पेन्शन मिळतच नाही, हे पैसे मात्र मिळू शकतात, आणि बहुतेक जण आधीच बाहेर पडतात, म्हणून मला हा बदल रास्त वाटतो.