संडे तिकीट घेऊनही जायंट्सचा सामना का दिसत नाही?

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून केवळ न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघासाठी तुम्ही संडे तिकीट हे एनएफएल या लीगच्या सामन्यांचे सशुल्क टीव्ही पॅकेज घेतलेत आणि नेमका त्यांचाच सामना 'आपल्या भागात उपलब्ध नाही' असे दिसले, हे वाचून मला माझा एक अख्खा हंगाम आठवला. तुमच्या बाबतीत बिघाड काहीच नाही. ते पॅकेज परक्या भागातल्या सामन्यांसाठी असते आणि एडिसन न्यूयॉर्कच्या प्रसारणक्षेत्रात मोडते. तिथे जायंट्सचे रविवार दुपारचे सामने फॉक्स किंवा सीबीएस या वाहिन्यांच्या स्थानिक केंद्रावर विनामूल्य लागतात.

माझी गत उलटी झाली होती. प्लेन्सबरोहून शेजारच्या वेस्ट विंडसरला घर बदलले आणि न्यूयॉर्कच्या क्षेत्रातली मिडलसेक्स काउंटी सुटून मर्सरमध्ये आलो, जी फिलाडेल्फियाच्या क्षेत्रात जाते. स्थानिक वाहिन्यांवर फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे सामने दिसू लागले, म्हणून मी पॅकेज घेतले, तर त्यातही जायंट्स बंद! जुन्या खात्यात मी बिलाचा पत्ता तेवढा बदलला होता. सेवेचा पत्ता हा तेव्हा निराळा रकाना असे आणि सामना दाखवायचा की नाही हे त्यावरून ठरत असे, हे मी पाहिलेच नाही. कंपनीच्या लेखी मी अजून प्लेन्सबरोचाच होतो.

ही चूक माझी, हे मान्य. परंतु पाच रविवार ग्राहक सेवेला फोन करूनही तो रकाना कुणी उघडून पाहिला नाही. प्रत्येकाने टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद करून पुन्हा सुरू करायला लावला आणि एका गृहस्थांनी तर स्टेडियमची तिकिटे संपली नसतील, असे ठणकावून सांगितले. सामन्याच्या 72 तास आधी तिकिटे संपली नाहीत तर 75 मैलांच्या परिसरात प्रक्षेपण रोखण्याचा नियम एकेकाळी होता खरा, परंतु एनएफएलने तो 2015 मध्येच स्थगित केला होता. शिवाय तो सामना दूर टेक्सासमधल्या डॅलसला होता!

तेव्हा पैसे परत मिळतात का, ते आजच लेखी विचारा; फोनवरच्या आश्वासनाचा मला काडीचा उपयोग झाला नाही. अटी दरवर्षी बदलतात, म्हणून माझा शब्द अंतिम मानू नका. मी अखेर छतावर अँटेना बसवला. माझ्या घरी त्यावर दोन्ही शहरांची केंद्रे लागतात. मात्र उन्हाळ्यात झाडे भरली की न्यूयॉर्कचे चित्र अडखळते. एडिसनला तुम्हाला न्यूयॉर्कचीच केंद्रे हवी आहेत, तेव्हा आधी खिडकीतला साधा अँटेना लावून पाहा.