फ्रेंच क्रियापद कधी चालवायचं आणि कधी मूळ रूपात ठेवायचं?

प्रश्न असा आहे : 'ज माँज' म्हणजे मी खातो आणि 'नू माँजों' म्हणजे आम्ही खातो. मग 'ज व्हे माँजे' (मी खाणार आहे) आणि 'नूझालों माँजे' (आम्ही खाणार आहोत) या दोन्हींत 'माँजे' तसंच कसं राहतं? आणि 'ज कोमाँस आ माँजे' (मी खायला सुरुवात करतो) यात मधेच 'आ' कुठून येतो?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. कर्त्याप्रमाणे एकच क्रियापद चालतं. त्याच्या मागून येणारं दुसरं क्रियापद कोशातल्या रूपात, म्हणजे 'एँफिनितीफ'मध्ये राहतं. आपणही 'मी खाऊ शकतो, आम्ही खाऊ शकतो, ती खाऊ शकेल' म्हणतो तेव्हा 'खाऊ'ला हात लावत नाही. काळ, पुरुष, वचन हे सगळं 'शकणे' सांभाळतं. वरच्या वाक्यांत ते काम 'आले' (जाणे) या क्रियापदाकडे आहे. 'व्हे' आणि 'आलों' ही त्याचीच रूपं.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मराठी माणसाला तो पटकन उमगू शकतो. आपल्याकडे पुढचं क्रियापद मागच्याचं रूप ठरवतं : खाऊ शकतो, खायला शिकतो, खायचं आहे, खाता येतं, खाणं थांबवतो. 'खायला शकतो' असं कोणी म्हणत नाही आणि 'का नाही?' असंही कोणी विचारत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. फ्रेंचमध्ये 'माँजे' या एकाच रूपावर भागतं, पण निवड काही टळत नाही. ती दोन क्रियापदांच्या मधल्या छोट्या शब्दात जाऊन बसते. 'व्हुल्वार' (इच्छिणे), 'पुव्हार' (शकणे), 'दव्हार' (लागणे, भाग असणे) यांच्यानंतर मधे काहीच येत नाही. 'कोमाँसे' (सुरू करणे) आणि 'आप्राँद्र' (शिकणे) यांना 'आ' लागतो. 'फिनीर' (संपवणे), 'उब्लिए' (विसरणे), 'एसेये' (प्रयत्न करणे) यांना 'द' लागतो.

'आ' म्हणजे कडे आणि 'द' म्हणजे पासून, म्हणून सुरुवातीला 'आ' आणि शेवटाला 'द', असं काही जण शिकवतात. 'कोमाँसे' आणि 'फिनीर' यांच्यापुरतं ते जमतं. पण प्रयत्न करण्यात 'पासून' कुठे आहे? त्यामुळे वहीत नुसतं 'एसेये' लिहू नका, 'एसेये द' लिहा आणि जोडीनेच पाठ करा. या एका अक्षराने अर्थ किती बदलतो ते पाहा : 'ज व्ह्यँ माँजे' म्हणजे मी जेवायला येतो, आणि 'ज व्ह्यँ द माँजे' म्हणजे मी आत्ताच जेवलो. एकात ताट अजून मांडायचं आहे, दुसऱ्यात हात धुऊन झालेत.

आता एक अशी जागा, जिथे मराठीचा हात सोडून इंग्रजीच्या मागे गेलं की हमखास चूक होते. 'ज व्ह पार्तीर' म्हणजे मला जायचंय. इथे इच्छा माझी आणि जाणारही मीच, म्हणून मूळ रूप. पण 'तू जावंस अशी माझी इच्छा आहे' हे सांगायचं तर इंग्रजीतल्या 'आय वॉन्ट यू टु गो'च्या वळणावर 'पार्तीर' ठेवता येत नाही. 'ज व्ह क त्यु पार्त' असंच म्हणावं लागतं. हे 'पार्त' 'स्युब्जोंक्तीफ'मधलं, म्हणजे इच्छा वगैरे दाखवणाऱ्या रूपातलं, आणि ते जवळजवळ आपल्या 'जावंस'च्या जागी बसतं. 'जायचंय' आणि 'जावंस' यांतला फरक ज्याला लहानपणापासून कळतो, त्याने तो इंग्रजीच्या वाटेने का शिकावा? सांगण्याची, विनवण्याची क्रियापदं मात्र वेगळी वागतात. 'ज त दमाँद द पार्तीर', मी तुला जायला सांगतो, इथे कर्ते दोन असूनही मूळ रूपच येतं. आपणही तिथे 'जायला'च म्हणतो.

मूळ रूप बदलत नाही म्हटलं, तरी एक गोष्ट डोळ्याआड होऊ देऊ नका. कोशात 'स लव्हे' (उठणे) असं दिसतं, पण मी उठणार असेन तर 'ज व्हे म लव्हे' आणि आम्ही उठणार असू तर 'नूझालों नू लव्हे'. 'लव्हे' तसंच राहतं, 'स' मात्र कर्त्याप्रमाणे बदलतो. नकारातही जागा बदलतात. 'ज न फ्युम पा' (मी धूम्रपान करत नाही) यात 'न' आणि 'पा' क्रियापदाच्या दोन बाजूंना असतात. भिंतीवरच्या पाटीत मात्र 'न पा फ्युमे', दोन्ही आधी. आपण पाटीवर 'धूम्रपान करू नये' असं विध्यर्थी लिहितो, फ्रेंचमध्ये तिथे मूळ रूप लिहितात. पाककृतीतल्या 'मीठ घालावे'चंही तसंच.

राहिलं लिखाण. 'ज व्हे माँजे' आणि 'जे माँजे' (मी खाल्लं) यांतलं 'माँजे' कानाला अगदी एकच वाटतं. पण पहिल्याच्या शेवटी ई आणि आर आहे, तर दुसऱ्याच्या शेवटी वर टोक असलेला ई. दुसरं भूतकाळवाचक कृदंत आहे, कारण त्याच्या आधी 'आव्हार' (जवळ असणे) हे साहाय्यक क्रियापद आलंय : 'जे' म्हणजे 'ज' आणि त्याचं रूप 'ए'. फ्रेंच मुलंसुद्धा इथे चुकतात. त्यांना शाळेत एक युक्ती शिकवतात : त्या जागी 'मोर्द्र' (चावणे) घालून वाक्य म्हणून पाहायचं. 'ज व्हे मोर्द्र' बरोबर वाटतं, म्हणजे ई-आर लिहा. 'जे मोर्द्यु' म्हणावंसं वाटलं, तर टोकाचा ई. 'ज व्ह्यँ द माँजे'चा अर्थ भूतकाळाचा, त्यामुळे तिथे हात टोकाच्या ई कडे वळतो. पण 'ज व्ह्यँ द मोर्द्र' म्हणून पाहा : तिथेही ई-आरच.