वाय-टू-के, म्हणजे २००० साल लागताच संगणकांच्या तारखा चुकण्याचा धोका, हा नुसता बाऊ होता का? रत्नागिरीत तर काहीच बंद पडलं नव्हतं!

बाऊ नव्हता. काही बंद पडलं नाही, कारण त्याआधी जगभर माणसं राबली होती. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असत. '००' म्हणजे १९०० असं धरलं गेलं की व्याज, वय, मुदत सगळंच चुकणार. अमेरिकेत क्लिंटन यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये यासाठी खास परिषद नेमली, जॉन कोस्किनेन तिचे प्रमुख. एवढं करूनही २००० साल लागलं त्या रात्री अमेरिकेच्या हेर उपग्रहांची माहिती काही काळ हाती लागली नाही.

आपल्याकडे कोकणात तेव्हा सातबारा तलाठ्याच्या हातचा, दुकानाचा हिशेब वहीत. गावात झळ लागणार तरी कुठून? म्हणून तयारी फुकट गेली असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आता मात्र सातबाराही ऑनलाइन आहे. ३२ बिटांत, म्हणजे ठरावीक मर्यादेच्या आकड्यात, वेळ मोजणाऱ्या जुन्या संगणक यंत्रणांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेनुसार सकाळी पावणेनऊच्या सुमारास संपते, आणि तारखा पुन्हा चुकू शकतात. त्या बदलायचं काम आत्ताच व्हायला हवं.