साइनची लाट सरळ का येते?

प्रश्न: सर, पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांसाठी लॅटेकमध्ये (गणिताचा मजकूर छापायची प्रणाली) पीजीएफप्लॉट्स (त्यातलं ग्राफ काढायचं पॅकेज) वापरून नोट्स करतोय, डोमेन (एक्सची हद्द) 0 ते 6.28, म्हणजे रेडियनमध्ये एक पूर्ण फेरी, दिलंय खरं साइन एक्सची लाट येतच नाही, तिरकी सरळ रेघ येते. – एक शिक्षक, निपाणी

उत्तर: पीजीएफप्लॉट्स कोन डिग्रीत धरतं ओ, म्हणजे तुमचा ग्राफ 6.28 डिग्रीलाच संपतोय, तिथं साइन जेमतेम 0.11 पर्यंत चढतो मग रेघच दिसणार की. साइनच्या कंसात नुसतं एक्स नको, डेग(एक्स) लिहा, ते रेडियनचं डिग्रीत करतं. सॅम्पल्स (ग्राफसाठी काढायचे बिंदू) 100 करा, डिफॉल्ट 25 नं लाट कोपरे पडल्यासारखी दिसते. टॅनला 90 डिग्रीपाशी उभी खोटी रेघ येते, ती मात्र अजिबात ठेवू नका, पोरांना ग्राफचाच भाग वाटतो. त्यासाठी रिस्ट्रिक्ट वाय टू डोमेन (हद्दीबाहेरचे वाय गाळायला) आणि अनबाउंडेड कोऑर्ड्सला जंप (गाळलेल्या जागी रेघ तोडायला), हे दोन्ही पर्याय लावा.