सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स नेमकी कोणी शोधली?

ऑटो विख्टर्ले, चेकोस्लोव्हाकियाचे केमिस्ट. लेन्स त्याआधीही होत्या, 1888 मध्ये जर्मन डॉक्टर आडोल्फ फिकने काचेच्या केल्या होत्या पण त्या इतक्या जड की दोनेक तासांच्या वर घालणं अवघड. विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी पाणी शोषून मऊ होणारं प्लास्टिक बनवलं, पण त्याची नीट लेन्स काही जमेना, सरकारी पाठिंबाही थांबला, तरी या माणसाने 1961 च्या नाताळात घरीच मुलांच्या मेर्कूर नावाच्या, धातूचे भाग जोडायच्या खेळण्याचे पार्ट आणि सायकलचा डायनॅमो जोडून मशीन उभं केलं! साचा गरागरा फिरला की आतला द्रव कडेकडे सरकतो आणि लेन्सचा आकार आपसूक येतो. अमेरिकेत 1971 ला मान्यता मिळाली. पेटंटचे हक्क मात्र चेकोस्लोव्हाकियाच्या विज्ञान अकादमीने विकले, विख्टर्लेंच्या हाती फारच थोडं आलं, ते वाचून खरंच वाईट वाटतं.