मुलांसाठी काम करणाऱ्या गटांचे प्रश्न

शाळकरी मुलांसाठी आणि बालगृहांत काम करणाऱ्या तरुण गटांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे बारा जण दर महिन्याला एका नव्या बालगृहात जातो. दिवसभर खेळ, गाणी, भेटवस्तू असा कार्यक्रम असतो. मुलं पहिल्याच भेटीत गळ्यात पडतात. तरीही एका अधीक्षकांनी ‘एकदाच येणार असाल तर येऊ नका’ असं सांगितलं. आमचं काय चुकतंय?

अधीक्षकांचं बरोबर आहे. अनोळखी माणसाच्या थेट गळ्यात पडणं हे तुमचा कार्यक्रम आवडल्याचं लक्षण समजू नका. घरात वाढणारं तीन वर्षांचं मूल नवा माणूस दिसला की आधी आईबापांच्या मागे दडतं. सांभाळणारी माणसं सतत बदलत राहिली, की मुलांमध्ये अशी सरसकट सलगी दिसू लागते, हे बालमानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधली १३६ लहान मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं. कुटुंबात गेलेल्या, त्यातही वयाची दोन वर्षं पूर्ण होण्याआधी गेलेल्या मुलांचं माणसाशी नातं जुळणं बरंच सुधारलं. एकदाच येऊन जाणारे बारा नवे चेहरे म्हणजे याच्या नेमकी उलटी दिशा.

म्हणून एकच संस्था धरा. बारांपैकी चार-पाच जणांनीच मुलांमध्ये जायचं, बाकीच्यांनी साहित्य, हिशेब, दुरुस्त्या बघायच्या. वार ठरलेला, वेळ ठरलेली, आणि एका मुलाशी शक्यतो तोच ताई किंवा दादा. काम बारा आठवड्यांच्या सत्रात बांधा. पहिल्याच दिवशी भिंतीवर कागद लावा : बारा तारखा आणि प्रत्येक तारखेसमोर येणाऱ्यांची नावं. झालेल्या तारखेवर मुलांनीच फुली मारायची. शेवटची तारीख मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या, आणि तीन आठवडे उरले की पुन्हा तोंडाने सांगा. ‘लवकरच परत येऊ’ असं कोणीही म्हणायचं नाही.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत तर जाऊच नका. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या वयाच्या मुलांचा सांभाळ कुटुंबातच व्हायला हवा. तिथे पाहुण्यांची वर्दळ नकोच. त्याऐवजी कपडे, भांडी, आवराआवर तुम्ही उचला, म्हणजे रोजच्या मावशींचे हात मुलांसाठी मोकळे होतील. आणखी एक : संस्थेतल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात. त्यामुळे ‘यांचं कोणी नाही’ हे वाक्य भाषणात नको, आणि ‘आपल्या घराचं चित्र काढा’ हा उपक्रम संस्थेला विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : पहिली ते चौथीच्या १२० मुलांना दप्तर, वह्या आणि बूट द्यायचे आहेत. मागच्या वेळी बूट बऱ्याच जणांना बसले नाहीत आणि वह्या पडून राहिल्या.

वयावरून बूट मागवले की हेच होणार. एकाच वर्गात चार मापांचा फरक सहज पडतो. पाऊल मोजायला पर्याय नाही. दुपारनंतर मोजा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. कागद जमिनीवर ठेवून मुलाला त्यावर उभं करा, टाच भिंतीला टेकवा, भार दोन्ही पायांवर हवा. सगळ्यात लांब बोटासमोर खूण करा. ते बोट दर वेळी अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पावलं मोजा, मोठं माप धरा आणि त्यात एक सेंटिमीटर मिळवा. ‘वाढत्या पायाला’ म्हणून दोन-तीन सेंटिमीटर सोडले तर मूल बोटं आवळून चालतं आणि अडखळतं. दुकानदाराला नंबर सांगू नका. बुटाच्या आतल्या लांबीचं माप मिलिमीटरमध्ये द्या, कारण एकाच नंबराचा बूट दोन कंपन्यांत सारखा निघत नाही. मोजल्यापासून महिन्याभरात वाटप करा. जास्त लागणाऱ्या मापांचे दोन-दोन जोड जादा घ्या आणि बदलून मिळण्याची बोली आधीच करा.

वह्यांचं गणित वर्गशिक्षकांकडून लिहून घ्या : कुठल्या इयत्तेला चौकटीची, कुठल्या इयत्तेला दुरेघी, चाररेघी, एकरेघी, आणि प्रत्येकी किती. चौथीच्या मुलाला चौकटीच्या सहा वह्या दिल्या तर त्या पडून राहणारच. पटसंख्येवर पाच टक्के जादा, म्हणजे १२० ला ६ संच, पुरतात. दप्तर घेताना रिकामं तोलून बघा. भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड नसावं असा सल्ला सर्रास दिला जातो. वीस किलोच्या मुलाला दोन किलो मिळतात. त्यातले आठशे ग्रॅम दप्तरानेच खाल्ले तर पुस्तकं कुठे ठेवायची?

व्यासपीठ, हार, एकेकाला नावानिशी पुकारणं, हे सगळं वगळा. वर्गवार गठ्ठे बांधा, बुटांच्या खोक्यावर हजेरी क्रमांक घाला आणि वर्गशिक्षकांकडून वर्गातच वाटून घ्या. द्यायचं तर सगळ्या वर्गाला. निवडक मुलांनाच द्यायचं असेल तर शाळा सुटल्यावर पालकांच्या हाती, गाजावाजा न करता.

प्रश्न : आठवड्यातून एकदा तासभर वाचन घेतो. पंचवीस मुलं, आम्ही सहा जण. दहा मिनिटांत गोंधळ सुरू होतो, आणि चौथीतल्या काहींना दुसरीचं पुस्तकही वाचता येत नाही.

गोंधळाचं मूळ तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागातच आहे. ज्याला वाचता येत नाही तो दंगाच करणार. गट इयत्तेप्रमाणे पाडू नका, वाचनाप्रमाणे पाडा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला बाजूला घेऊन एक पान वाचायला द्या आणि अडलेल्या शब्दाला एक बोट मोडा. पान संपेपर्यंत पाचही बोटं मोडली तर ते पुस्तक अवघड आहे, एक पायरी खाली या. एकही मोडलं नाही तर एक पायरी वर. चार-पाच मुलांमागे एक जण. सहाव्याने पुस्तकं देणं-घेणं, हजेरी आणि मधेच उठणारी मुलं सांभाळायची.

तास असा बांधा : दहा मिनिटं सगळ्यांना एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा, वीस मिनिटं गटात वाचन, दहा मिनिटं मोकळेपणी हवं ते पुस्तक चाळू द्या, उरलेल्या वेळात चित्र, गप्पा, पुस्तकं परत. गटात मूल अडलं की लगेच सांगू नका आणि ‘नीट बघ’ असं खेकसूही नका. मनात पाचपर्यंत मोजा. तोवर जमलं नाही तर शब्द सांगा, त्याला तो म्हणू द्या आणि पुढे चला. वाक्य संपलं की तेच वाक्य त्याच्याकडून पुन्हा सलग वाचून घ्या. जोडाक्षर फोडून सांगण्याचा मोह होतो, पण तिथे थांबलात की गोष्टीचा धागा तुटतो. अडलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपा आणि पुढच्या वेळी सुरुवातीला पाच मिनिटं घ्या.

प्रश्न : एका मुलीने ‘कोणाला सांगू नका’ म्हणून मारहाणीबद्दल सांगितलं. काय करायचं?

गुप्ततेचं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी चूक नाही, पण तुला मदत करू शकेल अशा माणसाला मला हे सांगावं लागेल’ असं सरळ सांगा. खोदून प्रश्न विचारू नका, विशेषतः उत्तर सुचवणारे : ‘अमक्याने मारलं का?’ हा प्रश्न पुढच्या चौकशीत घोळ करतो. त्याच दिवशी तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. तारीख, वेळ, जागा घाला, स्वतःचा तर्क घालू नका. मग संस्थेने किंवा शाळेने बालसंरक्षणासाठी नेमलेल्या व्यक्तीला कळवा. संशय संस्थेतल्याच माणसावर असेल, तर संस्थेत कोणाकडे न बोलता सरकारी बालसंरक्षण यंत्रणा किंवा पोलीस. गटाच्या व्हॉट्सॲपवर एक ओळही नको. आणि त्या माणसाला जाब विचारायला मुळीच जाऊ नका. तुम्ही निघून गेल्यावर ती मुलगी तिथेच राहणार असते.

प्रश्न : देणगीदारांना फोटो हवे असतात.

वह्यांचे गठ्ठे, भिंतीवरची चित्रं, पाठमोरे गट यांचे फोटो द्या. ओळखू येणारा चेहरा हवाच असेल तर पालकांची किंवा संस्थेची लेखी परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. नाव, गणवेशावरचं बोधचिन्ह, संस्थेचा पत्ता नको. फोनमधली जागेची नोंद बंद करून ठेवा.

प्रश्न : चाळीस मुलांची सहल काढतोय. मोठी माणसं किती हवीत?

ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था ४ ते ८ वर्षांच्या ६ मुलांमागे, ९ ते १२ वर्षांच्या ८ मुलांमागे आणि १३ ते १८ वर्षांच्या १० मुलांमागे एक मोठा माणूस सुचवते. चाळीस मुलं सात-आठ वर्षांची असतील तर सात जण, आणि मूल आजारी पडलं तर थांबायला एक जादा. मोजणी बसमध्ये चढताना, उतरताना आणि प्रत्येक स्वच्छतागृहाच्या थांब्यानंतर. नुसते आकडे मोजू नका, यादीवरून नावं घ्या. शेजारच्या शाळेचं मूल मिसळलं तरी आकडा बरोबर येतो.

प्रश्न : आवाहन केलं आणि जुन्या पुस्तकांची पाच पोती जमली. शाळेला देऊन टाकायची का?

पोती तशीच नेऊ नका. आधी अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं, सोडवलेल्या व्यवसायमाला, वाळवी किंवा बुरशी लागलेली आणि पानं गळालेली पुस्तकं बाजूला काढा. पोत्यातला मोठा हिस्सा इथेच जातो. उरलेल्यांतून मोठ्यांच्या कादंबऱ्या वेगळ्या करा. राहिलेल्या पुस्तकांची यादी शाळेला दाखवा आणि त्यांना हवी तेवढीच पोचवा. बाकीच्यांची रद्दी तुम्हीच घाला, आणि पुढच्या आवाहनात कुठली पुस्तकं चालतील ते इयत्तेसकट लिहा.